परसांतील कांचघर आणि त्याची बैठक

गेल्या खेपेस आम्हीं परसांतील कांचघराचा ओझरता उल्लेख केला, त्यावरून कांहीं वाचकांनीं आम्हांस पत्रें धाडलीं आहेत. कांचा कोणत्या घ्याव्या, सांगाडा कसला करावा, झरोके किती ठेवावे, हें त्यांपैकीं कोणीहि विचारीत नाहीं. सर्वांचा प्रश्न एकच, कीं अशा घरासाठीं जागा सपाट कशी करावी? विचारणारांचें आम्हांस मनापासून कौतुक वाटलें. आम्हीं हाच प्रश्न योग्य वेळीं स्वतःस विचारला नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त घरांतील एका निरपराध माणसास भोगावें लागलें. तेव्हां या खेपेस कृति सांगतांना आमच्या चुकीची हकीकतहि सांगणें प्राप्त आहे. ती फारशी भूषणावह नाहीं.

कांचघर म्हटलें म्हणजे पुष्कळांच्या डोळ्यांपुढें लंडनच्या क्यू उद्यानांतील ताडवृक्षांचा महाल, किंवा आपल्याकडील बंगळूरच्या लालबागेंतील, १८८९ सालीं कोनशिला बसविलेलें, कांचगृह उभें राहतें. जोसेफ पॅक्स्टन नांवाच्या माळ्यानें इंग्लंडांत चॅट्सवर्थ येथें १८३६ ते १८४० या काळांत एक प्रचंड कांचगृह उभारलें, आणि तो अनुभव गांठीं असल्यामुळें १८५१ च्या प्रदर्शनाचा 'क्रिस्टल पॅलेस' त्याच्या कल्पनेंतून उभा राहिला, ही गोष्ट आम्ही शाळेंत मुलांना मोठ्या उत्साहानें सांगत असूं. कांचा सांगत असूं, लोखंड सांगत असूं. खालच्या जमिनीविषयीं आम्हीं एक अक्षरहि कधीं उच्चारलें नाहीं, आणि मुलांनींहि विचारलें नाहीं.

आमचें घर कृष्णाकांठीं, सातारा जिल्ह्यांत. जमीन काळी. आम्ही, आमचे थोरले बंधु, वहिनी, दोन्हीकडचे मुलगे, सुना व नातवंडें मिळून तेरा माणसें एका चुलीवर जेवतों. आमची धाकटी सून कृषिविषयाची पदवीधर आहे. लग्न होऊन आल्यावर दोन वर्षें तिनें परसांत वाफे करून वांगीं, मिरच्या, टोमॅटो यांचीं रोपें तयार केलीं व आसपासच्या शेतकऱ्यांना विकलीं. परंतु मृगाच्या झोडपणाऱ्या पावसांत कोंवळीं रोपें आडवीं होत, आणि पौषांतल्या थंडींत बीं रुजावयास फार दिवस लागत. लहानसें कांचघर असावें असें तिनें भीत भीत वहिनींजवळ काढलें, व वहिनींनीं तें रात्रीच्या पंक्तींत सर्वांपुढें मांडलें. थोरल्या बंधूंनीं जुन्या पडवीच्या काढून ठेवलेल्या कांचा देऊं केल्या. मुलांनीं लोखंडी अँगलच्या सांगाड्याचा खर्च पत्करला. आणि जागा तयार करण्याचें काम, रिकामे म्हणून, आमच्या वांट्यास आलें. ही गोष्ट २०२२ सालच्या वैशाखांतली.

परसांत जागा दोन होत्या. एक विहिरीच्या पूर्वेस, उघडी, दिवसभर उन्हाची. पण तेथें चैत्र-वैशाखांत वहिनींचें वाळवण पडतें, आणि कुरडया-सांडग्यांची जागा मागण्याचा धीर आमच्या घरांत कोणासहि नाहीं. दुसरी जागा गोठ्यामागें, जेथें पूर्वीं शेणखताचा खड्डा होता व तो बुजविला होता. आम्हीं ही दुसरी जागा पसंत केली. सून म्हणाली, "मामंजी, गोठ्यामागची जागा भरावाची आहे. पावसांत ती बसेल, असं वाटतं. शिवाय उतारहि आहे." आम्हीं तिला हंसून सांगितलें कीं, पस्तीस वर्षें आम्हीं फळ्यावर पट्टीवांचून सरळ रेघ ओढली आहे, आम्हांस उतार दिसला असता. ती पुढें कांहीं बोलली नाहीं. वडील माणसानें असा शब्द टाकल्यावर आपल्या घरांतील सुना पुढें बोलत नाहींत, हें आम्हांस ठाऊक होतें. कदाचित् म्हणूनच आम्हीं तो टाकला असेल.

वाचकहो, डोळा येथें कसा फसतो हें नीट लक्षांत घ्यावें. उतार आहे कीं नाहीं हें डोळा जवळच्या एखाद्या लांब रेघेशीं ताडून ठरवितो. गोठ्यामागें आमच्या कुंपणाची भिंत आहे. ती बांधणारानें जमिनीच्या उतारालगतच विटांचे थर लावीत नेले आहेत. म्हणजे भिंत उतरती, जमीनहि तितकीच उतरती. दोन्ही समांतर, म्हणून दोन्ही सपाट! पुढें पाण्याची नळी लावून पाहिलें तेव्हां त्या बारा फुटांत तब्बल सात इंचांचा उतार निघाला.

त्या वेळीं मात्र आम्हीं पाहिलें तें डोळ्यानें व एका लहान पाणसळीनें. उंच बाजूची माती कोठें कोठें खणून सखल बाजूस पसरली, वरून पाणी मारलें, नातवंडांना त्यावर मनसोक्त नाचूं दिलें, आणि चहूं बाजूंनीं विटांचा एकेरी थर मांडून त्यावर पाणसळ ठेवीत पुढें गेलों. बुडबुडा दर ठिकाणीं मध्यावर दिसला. ही पाणसळ नऊ इंच लांबीची, आणि किती वर्षांची कोण जाणे. पाणसळ खरी आहे कीं खोटी हें पाहण्याची रीत अगदीं सोपी आहे: ती एका जागीं ठेवावी, बुडबुडा कोठें आहे तें पाहावें, मग त्याच जागीं तिची उजवी बाजू डावीकडे येईल अशी फिरवून ठेवावी. बुडबुडा पुन्हां त्याच स्थानीं दिसला तर पाणसळ खरी. सरकला तर ती जितकी चुकते त्याच्या दुप्पट तो सरकलेला असतो. आम्हीं ही परीक्षा केली ती सर्व होऊन गेल्यावर. आमची पाणसळ नऊ इंचांस अर्धें सूत चुकत होती. अर्धें सूत म्हणजे एका इंचाचा सोळावा हिस्सा. कोणास त्याचें काय वाटावें? परंतु नऊ इंच बारा फुटांत सोळा वेळां बसतात, आणि पाणसळ दर वेळीं त्याच दिशेस चुकते. सोळा वेळां अर्धें सूत म्हणजे आठ सुतें, म्हणजे पुरा एक इंच. हा हिशेब चौथीचा मुलगा करील.

आषाढांत पाऊस लागला. कांचघर उभें राहून महिना झाला होता, आंत रोपांचे ट्रे लागले होते, आणि सून त्यांत इतकी रमली होती कीं वहिनींना तिला जेवावयास हांका माराव्या लागत. प्रथम दार घासूं लागलें. आम्ही म्हणालों, लोखंड फुगलें असेल. लोखंड पावसानें फुगत नाहीं, हें आम्हांस शिकविण्याची गरज नव्हती. पण मनुष्य आपली चूक दिसूं लागली म्हणजे काय वाटेल तें शास्त्र बोलतो. श्रावणांत ईशान्येचा कोंपरा दीड इंच खालीं गेला. चौकोनी सांगाडा तिरका झाला. लोखंड वांकतें व वांकून राहतें. कांचेस तें साधत नाहीं. एके दिवशीं सकाळीं सून ट्रे हलवीत असतांना छपराची दोन फूट लांब व दीड फूट रुंद अशी एक कांच तडकून खालीं आली. डोक्यावर आली नाहीं, ही देवाची कृपा. उजव्या मनगटावर आली. पांच टांके पडले.

दवाखान्यांतून परत येतांना रिक्षांत ती एवढेंच म्हणाली, "मिरचीचे तीन ट्रे गेले." आम्हांस बोल लावणारें एक अक्षरहि तिनें उच्चारलें नाहीं, त्या दिवशीं नाहीं व पुढेंहि नाहीं. त्या रात्रीं पंक्तींत आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, जागेविषयीं तिनें आधींच बजावलें होतें व आम्हीं ऐकलें नाहीं. थोरले बंधु कांहीं न बोलतां ताक ओतीत राहिले. वहिनी म्हणाल्या, "वाळवण गच्चीवर घालूं. विहिरीजवळची जागा घ्या. पोरीच्या हाताला टांके पडले ते पुरे." तीस वर्षांत कोणी मागण्यास धजला नव्हता ती जागा अशी मिळाली.

पुढचें काम आम्हीं सुनेच्या विचारानें व एका गंवड्याच्या हातानें करविलें. हा गंवडी आमचाच जुना विद्यार्थी. भूमितींत दोनदां नापास होऊन शाळा सोडून गेलेला. आम्हीं पाणसळ हातांत घेतलेली पाहून तो नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, ती राहूं द्या. नळी आणतों." त्यानें काय केलें तें आतां क्रमानें सांगतों.

नव्या जागेची परीक्षा मात्र आम्हीं आमच्या पद्धतीनें केली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येच्या अध्यायांत भूमिपरीक्षेची एक रीत सांगितली आहे: हातभर खड्डा खणावा व निघालेल्या मातीनेंच तो पुन्हां भरावा, माती कमी पडली तर जागा अशुभ, बरोबर झाली तर मध्यम, उरली तर उत्तम. आम्हीं हा अध्याय विद्यार्थ्यांना दोनदां सांगितला असेल, पण कुदळ घेऊन कधीं करून पाहिला नव्हता. दोन्ही जागीं खड्डे घेतले, दोन्ही सारखेच चोपून भरले. गोठ्यामागील खड्डा चार अंगुळें रिताच राहिला. विहिरीजवळ ओंजळी ओंजळी माती उरली. मूळची दडपलेली जमीन खणली म्हणजे मोकळी होऊन अधिक जागा व्यापते. पोकळ भरावाची माती उलट दबते. शुभाशुभाची भाषा सोडली तरी परीक्षा पक्की आहे, आणि ती करावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.

तरीहि गंवड्याचें समाधान झालें नाहीं, व तें योग्यच होतें. भूमि घट्ट आहे कीं पोकळ एवढेंच ही परीक्षा सांगते. ती फुगणारी आहे कीं नाहीं हें सांगत नाहीं. आपली काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेंतून झालेली. तिच्यांतील अतिसूक्ष्म कण पापुद्र्यांसारखे असतात. त्या पापुद्र्यांमध्यें पाणी शिरलें कीं ते एकमेकांपासून दूर सरतात, आटलें कीं जवळ येतात. म्हणून उन्हाळ्यांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यांत त्या मिटतात. दुमजली घर आपल्या भारानें तिला पुष्कळसें दाबून धरतें. कांचघर बिचारें हलकें, तें मातीबरोबर वर येतें व खालीं जातें. आणि चारी कोंपरे सारखे वर-खालीं होत असते तर चिंता नव्हती. पण छपराचें पाणी ज्या बाजूस पडतें ती बाजू अधिक फुगते. गोठ्यामागें आमचे दोन्ही शत्रु एकत्र आले होते: एका बाजूस बसणारा भराव, दुसऱ्या बाजूस फुगणारी माती.

यावर उपाय एकच, तो असा कीं, काळी माती काढावी व तिच्या जागीं न फुगणारा मुरूम भरावा.

आमच्या कांचघराचें माप बारा फूट लांब व नऊ फूट रुंद. हें माप आम्हीं हट्टानें धरून ठेवलें. विक्रेत्यांकडे आठ फुटी व दहा फुटी तयार सांगाडे मिळतात. परंतु बारा व नऊ या बाजूंचा कर्ण बरोबर पंधरा फूट येतो, आणि काटकोन तपासण्यास असा पूर्णांक हातीं असला म्हणजे चूक होण्यास जागा राहत नाहीं. तीन, चार, पांच यांची ही तिप्पट. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत दीर्घचतुरस्राच्या कर्णाचा नियम सांगून अशा बाजूंच्या जोड्याच दिल्या आहेत: तीन व चार, बारा व पांच, पंधरा व आठ, सात व चोवीस इत्यादि. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञभूमि दोरीनें आंखणारांचें हें शास्त्र. गंवड्याच्या खिशांतील लाईनदोरी पाहून आम्हांस त्याची आठवण झाली व आम्हीं तें त्याला सांगूं लागलों. तो म्हणाला, "गुरुजी, तीन-चार-पांच आम्हांला उस्तादानं शिकवलंय. नुसती दोरीच नका मापूं, नायलॉनची दोरी ताणते. फितीनं मापा." हीहि सूचना ग्राह्य आहे.

चारी कोंपऱ्यांस खुंट्या ठोकूं नयेत; खणतांना त्या पहिल्यानें जातात. प्रत्येक कोंपऱ्याच्या बाहेर तीन फुटांवर दोन दोन खुंट्या ठोकून त्यांवरून दोऱ्या ताणाव्या, म्हणजे दोऱ्या जेथें छेदतील तेथें कोंपरा, आणि दोऱ्या सोडून पुन्हां बांधल्या तरी कोंपरा हरवत नाहीं. मग दोन्ही कर्ण मापावे. येथें एक सूचना शाळामास्तराची म्हणून ऐकावी. "कर्ण सारखे आले, काम झालें," असें पुष्कळ कारागीर म्हणतात. तें अपुरें आहे. सोमयागाची महावेदि घ्या: पूर्वेची बाजू चोवीस, पश्चिमेची तीस, आणि मधली लांबी छत्तीस प्रक्रम. तिचेहि दोन्ही कर्ण सारखेच असतात, पण ती काटकोन चौकोन नव्हे. म्हणून समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हें आधीं पाहावें, आणि कर्ण त्यानंतर.

दिशेविषयीं थोडेंच. इंग्लंडांत हिंवाळ्याचा सूर्य क्षितिजालगत राहतो, म्हणून तेथें कांचघराच्या दिशेची मोठी चर्चा चालते. आमच्या गांवीं सूर्य मेच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस असा वर्षांतून दोनदां थेट डोक्यावर येतो. उजेडाची वाण नाहीं, उलट उन्हाळ्यांत वर हिरवी जाळी घालावी लागते. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून आम्हीं अरुंद बाजू पश्चिमेस ठेवली.

आतां नळी. चाळीस फूट लांबीची, बोटाहून बारीक, आरपार दिसणारी नळी घ्यावी. एक टोंक पाण्याच्या बादलींत बुडवून दुसऱ्यानें ओढून ती भरावी, व मध्यें कोठें हवेचा बुडबुडा नाहीं हें डोळ्यांखालून घालावें. एक बुडबुडा राहिला तर सर्व मापें व्यर्थ. पाण्यांत थेंबभर नीळ टाकली म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. दोन्ही टोंकें उघडीं असलीं पाहिजेत. उचलून नेतांना अंगठ्यानें दाबावीं, वाचतांना सोडावीं. नळी कोठें मुडपूं देऊं नये. अर्धी उन्हांत व अर्धी सावलींत फार वेळ ठेवूं नये, कारण तापलेलें पाणी हलकें होऊन त्या बाजूस किंचित् वर चढतें. आमच्या एका नातवानें टोंक धरण्याच्या मिषानें आंत फुंकर मारली व निळें पाणी आजोबांच्या धोतरावर उडविलें. त्यानंतर टोंकें मोठ्या माणसांनीं धरलीं.

सर्वांत महत्त्वाचें असें कीं, खूण एकच असावी. विहिरीच्या कठड्यावर गेरूनें एक आडवी रेघ ओढली, आणि खड्ड्याचा तळ, मुरुमाचा माथा, काँक्रीटचा माथा, विटांचा माथा हीं सर्व मापें त्याच रेघेपासून खालीं मोजलीं. एका कोंपऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असें मोजीत गेल्यास चूक चुकीवर चढते. पाणसळीनें आम्हांस तेंच केलें होतें. जमिनीपासूनहि मोजूं नये. या जागीं बारा फुटांत तीन इंचांचा उतार होता. जमिनीपासून मोजून सर्वत्र सारखें खणलें असतें तर तळहि तीन इंच उतरता झाला असता, आणि वरच्या थरांची जाडी कमीअधिक होऊन ते कमीअधिक बसले असते.

चहूं बाजूंनीं फूटभर जागा अधिक धरून चौदा फूट लांब व अकरा फूट रुंद असा खड्डा दोन फूट खोल घेतला. माती निघाली तीनशेंआठ घनफूट, म्हणजे तीन ब्रासांहून किंचित् अधिक. ती सर्व भाजीच्या वाफ्यांत गेली. मुरूम अठरा इंच भरावयाचा होता. आम्हीं हिशेब केला: चौदा गुणिलें अकरा गुणिलें दीड, दोनशें एकतीस घनफूट, म्हणून अडीच ब्रास पुष्कळ झाले. गंवडी म्हणाला, तीन ब्रास मागवा. कारण सैल मुरूम सहा इंच पसरला तर चोपून साडेचार इंच राहतो. म्हणजे साडेचार इंचांचे चार थर झाले तेव्हां अठरा इंच भरतात, आणि सैल मुरूम लागतो तो सहा इंचांचे चार थर, म्हणजे दोन फूट, म्हणजे जेवढी माती निघाली तेवढाच. मुरूम तीन ब्रास लागला. घमेलेंभर उरला.

एकदम दोन फूट भरून वरून कितीहि कुटलें तरी खालचा मुरूम सैलच राहतो. घाव वरच्या वितीपलीकडे पोंचत नाहीं. म्हणून थर सहा इंचांहून जाड कधीं घालूं नये. ओल किती असावी याची खूण ही, कीं मूठ वळली तर मुटका व्हावा, पण हातास पाणी लागूं नये. कोरडा मुरूम दबत नाहीं, आणि चिखल झालेला नुसता इकडून तिकडे सरकतो. धुम्मस घेऊन दोन माणसें प्रत्येक थरावर उभीं-आडवीं फिरलीं. टांच जोरानें दाबली तरी खळगा पडेना तेव्हां पुढचा थर घातला. या कामास तीन दिवस लागले, आणि सगळ्या कांचघरांत हेच तीन दिवस खरे महत्त्वाचे होत. पुढें सांगावयाचें तें थोडेंच आहे.

मुरुमावर चहूं बाजूंस सव्वा फूट रुंद व चार इंच जाड काँक्रीटची पट्टी, एक भाग सिमेंट, तीन वाळू, सहा खडी या प्रमाणानें. तीवर नऊ इंची विटांचे चार थर. त्यांवर दोन इंच काँक्रीटची सपाट माथापट्टी. माथापट्टी ओली असतांनाच सांगाड्याचे बोल्ट त्यांत रोंवले. बोल्टांच्या जागा मापून काढूं नयेत. सांगाड्याचाच खालचा चौकट ठेवून त्याच्या भोंकांतून ते सोडावे. हे बोल्ट पुष्कळांस अनावश्यक वाटतात. घराचा पाया भार पेलण्यासाठीं असतो, परंतु कांचघराचा पाया त्यास धरून ठेवण्यासाठीं अधिक असतो. वळवाचा वारा आंत शिरला म्हणजे तो त्यास छत्रीसारखें उचलूं पाहतो. दहा दिवस ओलीं गोणपाटें घालून काँक्रीट भिजत ठेवलें. त्यानंतर नळी लावली तेव्हां चारी कोंपरे एका सुताच्या आंत होते. तेवढा फरक पातळ पत्र्याच्या चकत्या बोल्टाखालीं सारून काढला.

आंतील जमीन मात्र सपाट करूं नये. सांगाड्याची बैठक समपातळींत हवी, फरशीस उतार हवा. मधल्या वाटेस शाहाबादी फरशी बसविली व तिला लांबीच्या बारा फुटांत सवा इंच उतार दिला, म्हणजे शिंपण्याचें पाणी सांचत नाहीं. बाहेरून भिंतीलगत खडीनें भरलेली चर काढून छपराचें पाणी दूर आळ्यांत सोडलें. चर नसती तर भोंवतालची काळी माती एका बाजूस फुगून पुन्हां तोच खेळ सुरू झाला असता.

हें काम २०२३ च्या चैत्रांत पुरें झालें. त्या वर्षींचा ऑगस्ट भारतांत १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. कांचघराभोंवतालची जमीन श्रावणांत भेगाळली, आणि आम्ही रोज सकाळीं दार उघडून पाहत असूं. दार घासलें नाहीं.

कोंकणांतील एका वाचकांनीं विचारलें आहे कीं, एवढें खणणें आम्हांसहि आवश्यक आहे काय? जांभा कातळ उघडा असेल तर मुळींच नाहीं. कातळावर काँक्रीटची पट्टी टाकून तिचा माथा नळीनें जुळवावा व बोल्ट कातळांत भोंक पाडून बसवावे. पण जांभ्यावर भरावाची माती असेल तर कातळ लागेपर्यंत ती काढावी. एका भगिनींनीं गच्चीविषयीं विचारलें आहे. गच्चीस मुळांतच पन्हळीकडे उतार असतो; तो मोडून सपाट करूं नये, पाणी मुरेल. सांगाड्याच्या पायांखालीं कमीअधिक उंचीचे ठोकळे देऊन समपातळी साधावी, आणि तत्पूर्वीं घर बांधणाऱ्या जाणकारास विचारून गच्ची तें ओझें व वारा सोसेल याची खात्री करून घ्यावी. कुंड्या व ओली माती यांचें वजन आपण कल्पितों त्याहून फार अधिक भरतें.

दरवर्षीं पावसाळा संपला कीं आम्ही व सून मिळून चारी कोंपरे नळीनें पाहतों. गेरूची रेघ पुसट झाली होती, ती तिनें तैलरंगानें पक्की केली आहे. मागल्या खेपेस ईशान्येचा कोंपरा अर्धें सूत खालीं निघाला. आम्ही म्हणालों, वाचण्यांत चूक झाली असेल. ती म्हणाली, "मामंजी, टोंकांची अदलाबदल करून पुन्हां पाहूं." अदलाबदल केली. अर्धें सूतच निघालें. तिनें आंकडा सांगितला, आणि आम्हीं तो तारखेसह वहींत लिहिला.